सोन्यासाठी खणायचं काय? (क्लासिकमधलं मायनिंग, हर्ब आणि बाकीची हमाली)

डोंगरवाट
नमस्कार मंडळी,
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाची जुनी आवृत्ती, क्लासिक एरा. माझा वॉरियर ३४ लेव्हलला पोचलाय. चाळिसाव्या लेव्हलला स्वारीचं शिक्षण आणि घोडा मिळून १०० गोल्ड लागतात. माझ्याकडे त्याचा दहावा हिस्साही नाही. सध्या मायनिंग आणि ब्लॅकस्मिथिंग घेतलंय. खणलेलं सगळं भट्टीत जातं, बनवलेल्या तलवारी ऑक्शन हाउसवर (खेळाडूंच्या बाजारात) पडून राहतात आणि शेवटी व्हेंडरच्या (खेळातल्याच दुकानदाराच्या) गळ्यात मारतो.

गिल्डमधले म्हणतात, ब्लॅकस्मिथिंग सोड, दोन्ही धंदे गोळा करण्याचेच घे आणि कच्चा माल विक. पण कुठले दोन? मायनिंग-हर्ब (वनस्पती तोडणं) की मायनिंग-स्किनिंग (जनावरं सोलणं)? आणि कच्च्या मालात खरंच एवढं सोनं आहे का, की ही मंडळी २००५ सालच्या आठवणींवर बोलतायत? ज्यांनी हे केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा. यूट्यूबवरचे 'तासाला अमुक गोल्ड' वाले व्हिडिओ बघून डोकं उठलंय.

टिंबटिंब
वॉरलॉक हो. घोडा फुकट मिळतो.

गुहेतलं_अस्वल
पॅलाडिनलाही मिळतो. वॉरियरला मिळतं ते चिलखत दुरुस्तीचं बिल.

कुदळवाली
डोंगरवाट, गिल्डवाले बरोबर सांगतायत, फक्त कारण सांगत नाहीयेत. ते मी सांगते.

लेव्हल वाढवताना बनवलेल्या वस्तूंना गिऱ्हाईक नसतं, कारण तुझ्यासारखे शेकडो लोक केवळ स्किल वाढावं म्हणून त्याच तलवारी ठोकत असतात आणि सगळ्या एकाच वेळी बाजारात ओततात. त्याच लोकांना तांबं, कथील, लोखंड मात्र हवं असतं. थोडक्यात, तू स्वतः जो माल जाळतोयस तोच माल ते विकत घेतायत. त्यातले बरेचसे साठीला, म्हणजे शेवटच्या लेव्हलला पोचलेल्यांचे आल्ट (दुसरी पात्रं). त्यांच्याकडे सोनं आहे, वेळ नाही. म्हणून कॉपर आणि लाइट लेदरसारखा 'पोरकट' माल कित्येकदा मधल्या लेव्हलच्या मालापेक्षा जास्त भावाने जातो. ऑक्शन हाउसवर शोधून बघ, पटेल.

आता कुठले दोन ते. क्लासिकमध्ये 'फाइंड मिनरल्स' आणि 'फाइंड हर्ब्स' यांतलं एका वेळी एकच चालू राहतं. दोन्ही घेतलेस तर सारखं बटण बदलत बसावं लागतं, आणि तरी नकाशावरचे निम्मे ठिपके नजरेतून सुटतात. स्किनिंगला ठिपका लागत नाही, मेलेलं जनावर समोरच पडलेलं असतं. तू वॉरियर, क्वेस्टसाठी जनावरं मारणारच. चाळीसपर्यंत मायनिंग-स्किनिंग. साठनंतर काय करायचं ते तेव्हा बघ.

एकच अडचण. विसाव्या लेव्हलपुढच्या जनावराला स्किनिंग लागतं त्याच्या लेव्हलच्या पाचपट. म्हणजे ३४ च्या वाघाला १७० हवं. तुझं असणार १. तेव्हा एखादी संध्याकाळ खालच्या झोनमध्ये जाऊन कोल्ही-डुकरं सोलावी लागतील. ती लाइट लेदरही विकली जातात, वाया जात नाहीत.

डोंगरवाट
@कुदळवाली, ताई, हे तर कुणीच सांगितलं नव्हतं. ब्लॅकस्मिथिंग सोडलं तर वाढवलेलं स्किल जातं ना सगळं?

कुदळवाली
जातं. जाऊ दे.

रानभूल
मी मायनिंग-हर्ब दोन्ही ठेवलंय आणि मजेत आहे. मला कुठे पोचायची घाई नसते. कानात गाणी लावायची आणि आराथी हायलँड्समधून घोडा सोडायचा. सोनं होतं तेवढं होतं. सगळ्यांनीच 'तासाला किती' मोजायला हवं का?

हिशेबनीस
मोजायला नको, पण धागा सोन्याचा आहे म्हणून मोजतो. दोन गोष्टी.

पहिली: 'मी स्वतः खणलं म्हणजे फुकट' हा समज डोक्यातून काढा. समजा, आयर्न बारचा एक स्टॅक (गठ्ठा) ऑक्शन हाउसवर ठरावीक भावाने जातोय आणि त्याच स्टॅकपासून बनवलेलं चिलखत त्यापेक्षा कमीला. मग ते चिलखत बनवणारा दर वेळी तोट्यात आहे, लोखंड त्याने स्वतः खणलेलं असो वा नसो. डोंगरवाटच्या थैलीत सोनं का नाही, याचं उत्तर इतकंच आहे.

दुसरी: गोळा करण्याने खेळात नवीन सोनं तयार होत नाही. नवीन सोनं येतं राक्षसांच्या खिशातून, क्वेस्टच्या बक्षिसातून आणि व्हेंडरने दिलेल्या पैशांतून. तू विकलेलं लोखंड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या खिशातलं सोनं तुझ्याकडे आलं एवढंच, आणि वाटेत ऑक्शन हाउसने ५ टक्के कापून ते कायमचं नाहीसं केलं. (गॉब्लिनांच्या ऑक्शन हाउसवर तर १५ टक्के.) त्यामुळे प्रश्न 'जास्त कुठे सापडतं' असा नाहीच. या घडीला सोनं कुणाकडे आहे आणि त्याला कशाची निकड आहे, हे बघा.

टिंबटिंब
हिशेबनीस आले. आता धागा शंभरी गाठणार.

फावल्यावेळचा_मेज
हिशेबनीसांचा दुसरा मुद्दा पटला म्हणूनच मी मेज (जादूगार) आहे. झुल'फराकमध्ये घोळका जमवायचा, गोठवायचा, मारायचा. सोनं थेट खिशात, कापड वरकड. ऑक्शन हाउसचं तोंड बघायची गरज नाही. नोड (धातू आणि हर्ब मिळायच्या जागा) शोधत फिरणं म्हणजे हमाली.

कुदळवाली
वॉरियरला सांग ना हे. घोळका जमवेल, मरेल, धावत परत येईल, पुन्हा मरेल.

गुहेतलं_अस्वल
मी पूर्वीपासून स्किनिंगवाला, तेव्हा माझी बाजू मांडतो. स्ट्रँगलथॉर्नमध्ये तुझ्या लेव्हलला वाघ, बिबटे, रॅप्टर मारायच्या क्वेस्टांची रांग लागते. तिथे क्वेस्ट, अनुभव आणि चामडं तिन्ही एकदम होतं. चामड्याचं आणखी एक सुख म्हणजे त्याला स्पर्धा कमी. नोड एकच असतो आणि दोघे धावत येतात. जनावर तू मारलंस, तू लुटलंस, मग सोलायला दुसरा आलाच तर क्वचित.

साठीला गेल्यावर अनगोरो क्रेटरचे डेव्हिलसॉर (मोठे डायनासोर). त्यांच्या चामड्याचे हातमोजे आणि पाटलोण मिळून २ टक्के हिट (वार लागण्याची शक्यता) देतात, म्हणून रेड (मोठ्या गटाची मोहीम) करणारा प्रत्येक रोग (लपून वार करणारा वर्ग) आणि वॉरियर ते मागतो. २०१९ मध्ये क्लासिक आलं तेव्हा कितीतरी सर्व्हरवर टोळ्यांनी अनगोरो अक्षरशः वाटून घेतलं होतं. दोन्ही बाजूंच्या टोळ्यांचं आपसांत साटंलोटं, बाहेरचा कुणी आला की ठार. 'डेव्हिलसॉर माफिया' नावच पडलं.

विस्थापित_ऑर्क
खंडणीसुद्धा घ्यायचे का?

गुहेतलं_अस्वल
आमच्याकडे नाही. आमच्याकडे नुसतं मारायचे. खंडणीला बोलावं लागतं, आणि समोरच्या बाजूची भाषा खेळात कळत नाही.

आळशी_ड्रुइड
हर्बची बाजू कुणी घेईना म्हणून लॉगिन केलं.

धातू लोक एकदा विकत घेतात. तलवार झाली की झाली. पोशन मात्र पिऊन संपतं, पुढच्या आठवड्यात पुन्हा लागतं. रेड करणाऱ्या गिल्डा आठवड्याला पोत्याने हर्ब गिळतात. म्हणून साठनंतर हर्बला खाली बसवणारं काही नाही. शिवाय मायनिंगला बॅगेत कुदळ, स्किनिंगला सुरी. हर्बला हात पुरतात, तेवढीच बॅगेत जागा.

खालच्या लेव्हललासुद्धा काही विचित्र हर्ब भाव खातात. स्विफ्टथिसल हा वेगळा नोड नाही, मेजरॉयल आणि ब्रायरथॉर्न तोडताना कधीकधी सोबत येतो. रोग लोकांच्या थिसल टीला तोच लागतो. नवशिक्यांना ठाऊक नसतं, व्हेंडरला विकून टाकतात.

डोंगरवाटला मात्र मी हर्ब सुचवणार नाही. ३४ ला १ पासून हर्ब वाढवणं म्हणजे पीसब्लूम आणि सिल्व्हरलीफ शोधत पहिल्या झोनमध्ये रांगणं. आणि वॉरियरला लपता येत नाही. मी मांजर होऊन राक्षसांच्या मधून सरपटत जातो, फूल तोडतो आणि पळतो. तुला प्रत्येक फुलापाशी लढाई.

घुबड३००
हर्बचा विषय निघाला आणि ब्लॅक लोटस नाही असं कसं चालेल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: विंटरस्प्रिंग, सिलिथस, बर्निंग स्टेप्स, ईस्टर्न प्लेगलँड्स अशा चारच झोनमध्ये उगवतं, हर्ब ३०० लागतं, आणि मोठा फ्लास्क (ताकद वाढवणारं औषध) कुठलाही असो, त्यात हे पडतंच. मूळ रचनेत झोनमध्ये एका वेळी एकच फूल. तोडलं की तासाभराच्या आगेमागे दुसरं, तेही झोनमध्ये कुठेही. २००४ मध्ये एका सर्व्हरवर जेवढी माणसं गृहीत धरली होती, त्याच्या कितीतरी पट माणसं २०१९ च्या सर्व्हरवर आली. फुलं तेवढीच. भाव कुठे गेला असेल ते समजून घ्या. पुढे २०२० मध्ये उगवण वाढवावी लागली.

मी पहाटे निघायचो, सर्व्हर झोपलेला असताना. तरीही प्रत्येक वळणावर एक ड्रुइड आधीच उभा. हलत नाही, बोलत नाही, नमस्कार केला तर उत्तर नाही.

टिंबटिंब
तो ड्रुइड नव्हे, बॉट. आपोआप खेळणारा प्रोग्रॅम.

आळशी_ड्रुइड
मी असेन. मी पण बोलत नाही कुणाशी.

हिशेबनीस
विनोद राहू द्या, बॉटांचा भावावर थेट परिणाम होतो. जून २०२० मध्ये ब्लिझार्डनेच जाहीर केलं होतं की त्याआधीच्या महिन्याभरात अमेरिका, ओशनिया आणि युरोप या विभागांत मिळून ७४ हजारांवर खाती बंद किंवा निलंबित केली. त्याच सुमाराला एका दिवसात ३० पेक्षा जास्त इन्स्टन्समध्ये (झुल'फराकसारख्या बंदिस्त भागांत) जाता येणार नाही अशी मर्यादाही घातली. बॉट झोपत नाही, त्याला कंटाळा येत नाही, त्याच्या वेळेला किंमत नाही. ज्या मालाचं गोळा करणं यंत्राला जमण्याइतकं सरधोपट आहे, त्याचा भाव तळाला जाणारच. म्हणून माणसाने यंत्राला न जमणारं काहीतरी करावं. गर्दीच्या झोनमध्ये, शत्रू असताना, वेळ साधून.

सोनेरी_स्वस्त_दुकान
(प्रतिसाद काढून टाकला आहे.)

व्यवस्थापन
खऱ्या पैशांत सोनं विकणाऱ्यांच्या जाहिराती इथे चालणार नाहीत. आयडी बंद केला आहे. चर्चा चालू द्या.

टिंबटिंब
अरेरे, डोंगरवाटचा घोडा अगदी दारापर्यंत आला होता.

सोनटक्का
मी क्लासिक खेळत नाही, तरी राहवत नाही म्हणून लिहिते. नोडवरून भांडणं हा तुमच्याच खेळाचा रोग आहे. गिल्ड वॉर्स २ मध्ये (२०१२ पासून) प्रत्येकाचा नोड वेगळा. मी झाड तोडलं तरी तुमच्यासाठी ते उभंच. त्यामुळे दुसरा खेळाडू दिसला की आनंद होतो. फायनल फँटसी १४ मध्येही तसंच. तिथे तर मायनर, बोटॅनिस्ट, फिशर हे पूर्ण वर्ग आहेत, त्यांचे वेगळे कपडे, वेगळी कौशल्यं. काही नोड खेळातल्या ठरावीक तासालाच उघडतात. तिथला एक दिवस म्हणजे आपली ७० मिनिटं, त्यामुळे घड्याळ लावून बसणारे लोक आहेत.

अर्थात, कुणाचंच काही हिरावलं जात नाही म्हटल्यावर माल मुबलक होतो आणि साध्या लाकडाला भाव राहत नाही. गिल्ड वॉर्स २ च्या बाजारात कापणीही मोठी आहे, मांडताना ५ आणि विकल्यावर १० टक्के. भांडण नको असेल तर एवढं सोसावं लागतं.

कुदळवाली
सोनटक्का, वाद नाही, पण नोडवरून झालेलं भांडण हीच अर्धी मजा आहे गं! मी गुहेत ट्रोलांशी झुंजतेय, मागून एक नोम येतो, माझ्या अंगावरच्या ट्रोलांना वळसा घालून मिथ्रिल खणतो, वर हात हलवून 'धन्यवाद' करतो. त्या नोमचं नाव मी अजून विसरलेले नाही.

गुहेतलं_अस्वल
क्लासिकचा नोड एका घावात संपत नाही ना, दोन-चार घाव लागतात. मधल्या वेळात दुसऱ्यानेही हात घातला की उरलेलं त्याचं. कायदेशीर लूट.

कुदळवाली
त्याहून वाईट म्हणजे एक घाव घालून सोडून देणारे. स्किल वाढला, चालले पुढे. अर्धवट राहिलेला नोड रिकामा होत नाही आणि रिकामा झाल्याशिवाय त्याच्या जागी नवीन उगवत नाही. पूर्ण झोन अडून राहतो.

डोंगरवाट, यातूनच एक कामाची गोष्ट. झोनमधल्या जागा साधारण ठरलेल्या असतात, त्यांपैकी काहींवरच एका वेळी नोड असतो. एक संपला की दुसरीकडे येतो. आणि चांदी कथलाच्या जागी येते, सोनं लोखंडाच्या, ट्रूसिल्व्हर मिथ्रिलच्या. म्हणून 'हे कसलं लोखंड, मला मिथ्रिल हवंय' म्हणून सोडून जाऊ नये. हाताला लागेल ते खण. हलका माल उचललास तरच भारी माल उगवायला जागा होते.

डोंगरवाट
हे भारी आहे! म्हणजे टिन सोडून पळत होतो तेव्हा चांदीचीच वाट अडवत होतो.

विस्थापित_ऑर्क
भांडणाचा विषय चाललाय म्हणून ईव्ह ऑनलाइनबद्दल. मी तिथून आलोय, आयडीत ऑर्क असला तरी.

२००३ पासून चालू असलेला खेळ. तिथे खाणकाम म्हणजे अंतराळात लघुग्रहाशेजारी जहाज उभं करायचं, लेझर लावायचा आणि बघत बसायचं. नवशिका वेल्डस्पार खणतो, सगळ्यात साधा दगड. पण जवळजवळ प्रत्येक जहाज, प्रत्येक तोफ कुणीतरी खणलेल्या खनिजातूनच बनते. युद्धात जहाजं फुटली की खनिजाचा भाव हलतो. वॉरक्राफ्टमध्ये तलवार फुटून नाहीशी होत नाही. ईव्हमध्ये होते, म्हणून तिथे खाणकाऱ्याला कायम काम. त्यांनी २००७ मध्ये खरोखरचा अर्थतज्ज्ञ नोकरीला ठेवला होता, एवढं ते गांभीर्याने घेतात.

आणि सुरक्षित म्हटलेल्या भागातही सुरक्षित नाही. पोलिसांकडून आपलं जहाज उडणार हे ठाऊक असूनही लोक येऊन खाणजहाज उडवतात. हल्काजेडन नावाची स्पर्धाच भरवायचे, जास्तीत जास्त खाणजहाजं फोडण्याची. तुमचा नोम फारच सभ्य म्हणायचा.

हिशेबनीसांचं 'फुकट नाही' हे वाक्य ईव्हवाल्यांचा जुना वादाचा विषय आहे. दर महिन्याला कुणीतरी नवशिका येतो आणि म्हणतो, 'खनिज मी स्वतः काढलं, म्हणून मी जहाज स्वस्तात विकतो.' मग जुनेजाणते त्याचंच जहाज विकत घेतात, वितळवतात आणि खनिज विकून नफा कमावतात.

हिशेबनीस
वितळवून नफा! हे मला माहीत नव्हतं. दिवस सार्थकी लागला.

रानभूल
एवढं सगळं वाचून मला माझा घोडा आणि आराथीच बरं वाटतंय.

फावल्यावेळचा_मेज
रानभूल, पण एक विचारू? तुमचं सोनं होतं कसं मग? भाव न बघता विकता?

रानभूल
भाव बघते की. शनिवार-रविवारी गोळा करते आणि तेव्हा विकत नाही. सगळे तेव्हाच खेळतात, सगळ्यांचाच माल येतो. रेडचा आठवडा अमेरिकेत मंगळवारी नवा होतो, युरोपात बुधवारी. त्याच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी टाकलं की जातं. एवढंच. मी तासाला किती ते मोजत नाही म्हणाले, अडाणी आहे असं नाही म्हणाले.

टिंबटिंब
मेज गोठला.

हिशेबनीस
रानभूल यांनी दोन ओळींत जे लिहिलं ते माझ्या तीन परिच्छेदांपेक्षा उपयोगाचं आहे. त्यात थोडी भर घालतो. स्टॅकचा आकार बघा. रेडसाठी घेणारा पूर्ण स्टॅक घेतो, क्वेस्टसाठी घेणाऱ्याला पाच-दहा नग हवे असतात आणि तो नगामागे जास्त मोजतो. दोन्ही मांडा. दुसऱ्याच्या खाली भाव टाकताना एका कॉपरने टाका, निम्म्याने नव्हे. निम्म्याने टाकलात तर कुणीतरी सगळा उचलून पुन्हा मूळ भावाने मांडेल. ठेव रक्कम व्हेंडर-किमतीवर ठरते. हर्बला ती किरकोळ, बनवलेल्या तलवारीला जड. माल विकला नाही की ठेव बुडाली. डोंगरवाटच्या तलवारींचा आणखी एक छुपा तोटा हा.

सोनटक्का
नव्या वॉरक्राफ्टमध्ये तर आता सर्व्हरचा प्रश्नच नाही ना? कच्च्या मालाचा बाजार सगळ्या विभागाचा एकच केलाय.

आळशी_ड्रुइड
हो, २०२२ मध्ये, ९.२.७ पॅचला. छोट्या सर्व्हरवाल्यांना माल मिळायला लागला, पण 'आमच्या सर्व्हरवर फक्त मीच हे गोळा करतो' ही जी मक्तेदारी होती ती गेली. त्याआधी २०१४ चं वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर आठवतं का? प्रत्येकाला गॅरिसनमध्ये स्वतःची खाण आणि स्वतःची बाग. धंदा नसला तरी खणता यायचं. रोज घराबाहेर न पडता पोतंभर माल. हर्बवाल्यांचं दुकानच उठलं. उडणारा ड्रुइड म्हणून जो माझा थाट होता, रूप न बदलता फूल तोडायचा, तो त्या दोन वर्षांत कवडीमोल.

घुबड३००
अवांतर: गोळा करण्यावर खरं पोट भरणारे लोकही झालेत. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये २०१७ च्या सुमाराला व्हेनेझुएलातले कितीतरी जण ग्रीन ड्रॅगन मारून त्यांची हाडं आणि कातडी विकायचे. तिथल्या महागाईत खेळातलं सोनं पगारापेक्षा भरवशाचं झालं होतं. बाकीचे खेळाडू त्यांना बॉट समजून मारायचे. पहाटेचा तो न बोलणारा ड्रुइड बघितला की मला तेच आठवतं. पलीकडे कोण बसलंय कुणास ठाऊक.

टिंबटिंब
याच्यावर विनोद सुचत नाहीये.

कुदळवाली
रूनस्केपने तर एकदा सोनं विकणाऱ्यांना थांबवायला मोकळा व्यवहारच बंद केला होता. २००८ च्या सुरुवातीला बंद, २०११ मध्ये पुन्हा चालू. मधली वर्षं मित्राला साधी भेटसुद्धा धड देता येत नव्हती. रोगापेक्षा औषध जालीम.

डोंगरवाट
मंडळी, मध्ये गायब होतो कारण खेळत होतो. अहवाल:

ब्लॅकस्मिथिंग सोडलं. (बटण दाबताना हात थरथरला, पण ताईंचं 'जाऊ दे' आठवलं.) स्किनिंग घेतलं, खालच्या झोनमध्ये जाऊन डुकरं सोलली. लाइट लेदर मांडल्या मांडल्या गेलं, तेही मी स्वतः देणार नाही अशा भावाला. बँकेत पडलेले ब्राँझ बार रानभूल यांच्या सांगण्याप्रमाणे रेडच्या आदल्या दिवशी टाकले, काही गेले, काही परत आले. स्ट्रँगलथॉर्नमध्ये आता वाघ-बिबटे सोलतोय आणि वाटेत लोखंड खणतोय. घोड्याचं निम्म्याहून जास्त जमलंय, ३७ लेव्हल आहे.

आता पुढचा प्रश्न. हे लोखंड बार करून विकावं की तसंच ओर (कच्चं खनिज) म्हणून? आणि साठला गेल्यावर १००० गोल्डच्या वेगवान घोड्यासाठी हेच चालू ठेवायचं का?

हिशेबनीस
ओर आणि बार दोन्हींचे भाव रोज बघ. बरेचदा ओर महाग असतो, कारण ज्यांना मायनिंगचा स्किल वितळवून वाढवायचा असतो ते ओरच घेतात. ब्राँझचं गणित वेगळं. एक कॉपर बार आणि एक टिन बार मिळून दोन ब्राँझ होतात, माल कमी होत नाही. तेव्हा दोन्हींच्या सरासरीपेक्षा ब्राँझ महाग असेल तरच वितळव.

कुदळवाली
१००० च्या घोड्यासाठी मायनिंग ठेव. रिच थोरियमला २७५ लागतं, त्यातून कधीमधी आर्केन क्रिस्टल पडतो. एक क्रिस्टल आणि एक थोरियम बार मिळून अल्केमिस्ट आर्केनाइट बार करतो, पण त्याला ते दोन दिवसांतून एकदाच जमतं. एकट्या आर्केनाइट रीपरलाच असे २० बार लागतात. म्हणजे क्रिस्टलला गिऱ्हाईक कधी संपत नाही. आणि हो, घोडा घेण्याआधी शहराची रेप्युटेशन आणि ऑनरची रँक ३ बघ. दोन्हींवर दहा-दहा टक्के सूट मिळते. १००० वर ती लहान नाही.

गुहेतलं_अस्वल
आणि स्किनिंग सोडायचं? निषेध!

आळशी_ड्रुइड
सोडून हर्ब घ्यावं. साठला. तेव्हा घोडा असेल, पळता येईल.

फावल्यावेळचा_मेज
मासेमारीचं कुणीच बोललं नाही. ती दुय्यम आहे, दोन धंद्यांत मोजली जात नाही, म्हणजे तिन्ही करता येतं. अझाराच्या किनाऱ्यावर स्टोनस्केल ईल मिळतात, त्यांचं तेल टायटन्सच्या फ्लास्कला लागतं. टँक लोक (पुढे उभं राहून मार झेलणारे) घेतात. मी हमाली म्हणालो होतो, मासेमारीला हमाली म्हणत नाही. बसून करता येते.

टिंबटिंब
बॅरेन्समधले डेव्हिएट फिशही. शिजवून खाल्ले की माणूस समुद्री चाचा नाही तर निंजा होतो. रेडला काडीचा उपयोग नाही, तरी खपतात. हिशेबनीस, याचं गणित मांडा.

हिशेबनीस
मागणी आहे, पुरवठा कमी आहे. कशासाठी मागणी आहे हे बाजार विचारत नाही. (मी स्वतः एक स्टॅक बाळगून आहे. चाचा होतो तेव्हा टोपी छान दिसते.)

डोंगरवाट
फिशिंगची काठी घेतली. डेव्हिएट शिजवायची रेसिपी ट्रेनरकडे दिसत नाहीये, कुठे मिळते?

टिंबटिंब
ट्रेनरकडे नाहीच मिळत. बॅरेन्समधल्या राक्षसांकडून पडते, क्वचित. ऑक्शन हाउसवर बघ, आणि भाव बघून खुर्ची घट्ट धर.